'द्युगे-त्रुएँ' ते 'इम्प्लॅकेबल' : एका फ्रेंच युद्धनौकेचा दीडशे वर्षांचा प्रवास

प्रस्तावना :

शिडांच्या युगातील युद्धनौकांचा इतिहास बहुधा लढायांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणत्या नौकेने कोणत्या लढाईत भाग घेतला, तिच्यावर किती तोफा होत्या, ती कोणी जिंकली वा कोणी बुडवली, एवढ्या नोंदींवर तिचे चरित्र संपते. प्रत्यक्षात युद्धनौकेच्या आयुष्यातील लढाईचे दिवस अगदी मोजके असत. उरलेला काळ नाकेबंदीत, दुरुस्तीत, बंदरात नांगरून पडण्यात आणि अखेरीस मोडीची वाट पाहण्यात जाई. त्यामुळे नौका टिकली की नाही, हा प्रश्न शत्रूच्या तोफांइतकाच तिच्या मालकांच्या निर्णयांशी निगडित असतो. 'द्युगे-त्रुएँ' या फ्रेंच युद्धनौकेचे चरित्र या दृष्टीने विशेष बोलके आहे. १८०० मध्ये फ्रान्समध्ये जलावतरण झालेली ही नौका ट्रफाल्गरच्या लढाईतून सुटली, अवघ्या दोन आठवड्यांनी इंग्रजांच्या हाती पडली आणि 'इम्प्लॅकेबल' या नावाने ब्रिटिश नौदलात दीर्घकाळ राहिली. १९४९ मध्ये मात्र शांततेच्या काळात तिला मुद्दाम बुडविण्यात आले. या प्रवासाचा आणि त्यातून निर्माण होणाऱ्या वारसा-जतनाच्या प्रश्नाचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

चौऱ्याहत्तर तोफांची नौका : रचना व सामर्थ्य

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील मोठी आरमारे एकामागे एक अशी रांग धरून लढत. नौकेच्या तोफा तिच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे शत्रूकडे बाजू वळवून मारा करणे क्रमप्राप्त असे. अशा रांगेत उभे राहण्याइतक्या बळकट नौकेला 'रांगेतील युद्धनौका' म्हटले जाई. तीन मजली नौका अतिशय प्रबळ, परंतु मंद आणि खर्चिक. लहान दुमजली नौका चपळ, परंतु दुबळ्या. या दोहोंमधील समतोल म्हणजे ७४ तोफांची नौका होय. हा प्रकार प्रथम फ्रान्सने विकसित केला आणि नंतर ब्रिटनसह इतर आरमारांनी तो स्वीकारला.

१७८२ मध्ये फ्रान्सने आपल्या नौकांचे प्रमाणीकरण करण्याचा निर्णय घेतला. गणितज्ञ व नौदल अधिकारी झाँ-शार्ल द बोर्दा यांच्या पुढाकाराने झालेल्या या सुधारणेत ७४ तोफांच्या नौकेसाठी झाक-नोएल साने (१७४०-१८३१) या अभियंत्याचा आराखडा निवडण्यात आला. 'तेमेरेर' वर्ग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आराखड्यावरून पुढील तीन दशकांत शंभराहून अधिक नौका बांधल्या गेल्या. 'द्युगे-त्रुएँ' ही त्यांपैकीच एक.

या वर्गातील नौकेची लांबी सुमारे ५६ मीटर व रुंदी सुमारे १५ मीटर असे. खालच्या मजल्यावर ३६ पौंडी २८ तोफा, वरच्या मजल्यावर १८ पौंडी ३० तोफा आणि अगदी वर, पुढील व मागील भागांत, ८ पौंडी १६ तोफा अशी एकूण ७४ ची बेरीज होई. येथे पौंड म्हणजे तोफगोळ्याचे वजन. फ्रेंच पौंड इंग्रजी पौंडापेक्षा जड असल्याने फ्रेंच ३६ पौंडी गोळा सुमारे साडेसतरा किलोचा, तर इंग्रजांचा ३२ पौंडी गोळा सुमारे साडेचौदा किलोचा भरे. अशा नौकेवर सुमारे ७०० माणसे असत. तोफा ओढणे, शिडे आवरणे, पंप चालवणे ही सर्व कामे मनुष्यबळावरच चालत.

सान्यांच्या नौका लांबट, वेगवान आणि वाऱ्याला चांगला प्रतिसाद देणाऱ्या म्हणून प्रसिद्ध होत्या. तथापि फ्रेंच नौकांचा सांगाडा इंग्रजी नौकांच्या तुलनेने हलका असे. नौकेच्या मध्यभागाला पाणी अधिक उचलून धरते, निमुळत्या टोकांना कमी. त्यामुळे कालांतराने टोके खाली झुकून नौकेचा कणा कमानीसारखा वाकू लागतो. लांब आणि हलक्या नौकेत हा दोष अधिक जाणवे व दुरुस्तीचा खर्च वाढे. या पार्श्वभूमीवर सान्यांच्या आराखड्यावरील एक ओकची नौका दीडशे वर्षे तग धरते, ही बाब लक्षणीय ठरते.

फ्रेंच निशाणाखाली (१८००-१८०५)

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील रोशफोर येथील गोदीत या नौकेचे जलावतरण २४ मार्च १८०० रोजी झाले. सँ-मालो बंदरातील सुप्रसिद्ध नाविक रने द्युगे-त्रुएँ (१६७३-१७३६) याचे नाव तिला देण्यात आले. राजाच्या परवान्याने शत्रूची व्यापारी जहाजे लुटणाऱ्या या दर्यावर्दीने १७११ मध्ये पोर्तुगिजांचे रिओ द जानेरो शहर काबीज केले होते.

नौकेची पहिली मोठी कामगिरी मात्र फारशी गौरवास्पद नव्हती. सँ-दोमँग (आजचे हैती) या कॅरिबियन वसाहतीतील गुलामांनी उठाव करून स्वातंत्र्य मिळविले होते आणि १७९४ मध्ये फ्रान्सने गुलामगिरीच्या उच्चाटनाला मान्यताही दिली होती. नेपोलियनने ती वसाहत पुन्हा पूर्णतः अंकित करण्यासाठी १८०१ च्या अखेरीस मोठे सैन्य रवाना केले. या मोहिमेत 'द्युगे-त्रुएँ' सहभागी होती. तीव्र प्रतिकार आणि पीतज्वर यांमुळे फ्रेंच सैन्याची वाताहत झाली. मे १८०३ मध्ये ब्रिटनशी पुन्हा युद्ध सुरू होताच इंग्रजांनी काप-फ्रान्से बंदराची नाकेबंदी केली. जुलै १८०३ मध्ये 'द्युगे-त्रुएँ' इतर दोन नौकांसह तेथून निसटली. सोबतची 'द्युकेन' पकडली गेली. 'द्युगे-त्रुएँ' आणि 'गेरिएर' ही फ्रिगेट मात्र पाठलाग चुकवीत अटलांटिक ओलांडून स्पेनमधील कोरुन्या बंदरात पोहोचल्या. वेग हा सान्यांच्या आराखड्याचा गुण या पलायनात उपयोगी पडला.

ट्रफाल्गर आणि केप ऑर्तेगाल

२१ ऑक्टोबर १८०५ रोजी स्पेनच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ ट्रफाल्गरची लढाई झाली. फ्रेंच व स्पॅनिश संयुक्त आरमाराच्या रांगेत ३३ नौका होत्या. नेल्सनकडे २७ होत्या. नेल्सनने रूढ पद्धतीप्रमाणे समांतर रांग न धरता आपल्या नौकांच्या दोन तुकड्या शत्रूच्या रांगेवर काटकोनात घातल्या आणि ती मध्ये तोडली. परिणामी रांगेचा मध्य व पिछाडी घनघोर लढाईत सापडली, तर आघाडीच्या नौका सुरुवातीला लढाईबाहेरच राहिल्या.

या आघाडीचे नेतृत्व रिअर ॲडमिरल द्युमान्वार यांच्याकडे होते आणि कप्तान क्लोद तूफे यांची 'द्युगे-त्रुएँ' त्यांच्याच तुकडीत होती. सेनापती व्हिलनव्ह यांनी मागे वळण्याचा इशारा दिला. परंतु वारा इतका मंद होता की जड नौकांची तोंडे फिरवण्यासाठी होड्यांनी ओढण्याची वेळ आली. नौका वळेपर्यंत मध्यभागाचा निकाल जवळजवळ लागला होता. 'अँत्रेपिद' नौकेचा कप्तान अँफर्ने याने सरळ रणधुमाळीत शिरून अखेरपर्यंत लढत दिली. द्युमान्वार मात्र 'फॉर्मिदाब्ल', 'सिपियाँ', 'माँ-ब्लाँ' आणि 'द्युगे-त्रुएँ' या चार नौकांसह दुरून काही मारा करीत दक्षिणेकडे निघून गेले. या वर्तनाबद्दल पुढे त्यांच्यावर चौकशीचे प्रसंग आले. त्यांतून ते निर्दोष सुटले, तरी ही चर्चा कधी पूर्णतः थांबली नाही.

भूमध्य समुद्राकडील मार्गावर इंग्रज नौका असण्याचा धोका असल्यामुळे द्युमान्वार यांनी उत्तरेकडे, फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्याकडे जाण्याचे ठरवले. २ नोव्हेंबर रोजी इंग्रजांच्या 'फिनिक्स' फ्रिगेटने त्यांना पाहिले आणि पाठलागाचे आमिष दाखवीत सर रिचर्ड स्ट्रॉन यांच्या ताफ्याकडे ओढून नेले. स्ट्रॉन खरे तर रोशफोरहून निघालेल्या दुसऱ्याच फ्रेंच ताफ्याच्या शोधात होते. ४ नोव्हेंबर रोजी स्पेनच्या वायव्येकडील केप ऑर्तेगालजवळ लढाई जुंपली. दोन्हीकडे रांगेतील नौका चारच होत्या; परंतु इंग्रजांकडे त्याखेरीज चार फ्रिगेट होत्या. फ्रेंच नौकांच्या पिछाडीला सतत टोचत राहून या फ्रिगेटांनी त्यांचा वेग रोखला. द्युमान्वार यांच्या 'फॉर्मिदाब्ल'मध्ये ट्रफाल्गरपासून पाणी शिरत होते आणि वजन कमी करण्यासाठी तिच्या काही तोफा समुद्रात फेकून द्याव्या लागल्या होत्या.

दुपारपर्यंत 'फॉर्मिदाब्ल' आणि 'सिपियाँ' यांनी निशाण उतरवले. शेवटी शरण आलेल्या दोन नौकांमध्ये 'द्युगे-त्रुएँ' होती. कप्तान तूफे धारातीर्थी पडले होते आणि नौकेच्या डोलकाठ्यांची धूळधाण झाली होती. या लढाईत फ्रेंचांचे सुमारे ७५० लोक ठार वा जखमी झाले. इंग्रजांचे २४ ठार व १११ जखमी झाले. ट्रफाल्गरहून वाचलेल्या चारही नौका अशा रीतीने पंधरवड्याच्या आत शत्रूच्या स्वाधीन झाल्या.

नवे नाव, नवे निशाण

जिंकलेली नौका आपल्या आरमारात सामील करणे ही त्या काळातील सर्वमान्य प्रथा होती. यामागे केवळ विजयाची मिरवणूक नव्हती. ७४ तोफांची एक नौका बांधण्यासाठी हजारो ओक वृक्षांचे लाकूड लागे आणि बांधणीला कित्येक वर्षे जात. पकडलेली नौका म्हणजे आयते मिळालेले लाकूड, आयती रचना आणि शत्रूच्या नौकाबांधणीचा अभ्यास करण्याची संधी होय. चार नौकांपैकी इतर तिघी 'द्युगे-त्रुएँ'इतक्या दीर्घकाळ टिकल्या नाहीत. 'द्युगे-त्रुएँ'चे मात्र 'इम्प्लॅकेबल' असे नामकरण होऊन तिची डागडुजी झाली. इंग्रजी भाषेत या शब्दाचा अर्थ 'ज्याला शांत करता येत नाही असा' असा होतो.

१८०७ मध्ये तिल्सितच्या तहानंतर रशिया नेपोलियनच्या बाजूला गेला आणि स्वीडनच्या साहाय्याला ब्रिटिश आरमार बाल्टिक समुद्रात उतरले. २६ ऑगस्ट १८०८ रोजी कप्तान टॉमस बायम मार्टिन यांच्या नेतृत्वाखालील 'इम्प्लॅकेबल'ने 'व्सेवोलोद' या ७४ तोफांच्या रशियन नौकेला गाठून जेरीस आणले. रशियन ताफा मदतीला धावून आल्याने तिला तात्पुरती माघार घ्यावी लागली. पुढे 'व्सेवोलोद' उथळ पाण्यात रुतली आणि 'सेंटॉर' व 'इम्प्लॅकेबल' यांनी ती हस्तगत करून जाळून टाकली. जुलै १८०९ मध्ये फिनलंडच्या किनाऱ्यावर लेफ्टनंट हॉकी यांच्या नेतृत्वाखाली इंग्रज होड्यांनी रशियन तोफ-होड्यांवर छापा घातला. त्यात 'इम्प्लॅकेबल'वरील नाविकांचाही समावेश होता. आठपैकी सहा तोफ-होड्या हाती आल्या, परंतु हॉकी स्वतः मारले गेले.

यानंतरची तिची शेवटची मोठी लष्करी कामगिरी १८४० मधील. इजिप्तचा मुहम्मद अली आणि ऑटोमन सुलतान यांच्यातील संघर्षात ब्रिटनने सुलतानाची बाजू घेतली, तेव्हा पूर्व भूमध्य समुद्रात सीरियाच्या किनाऱ्यावरील मोहिमेत ही नौका होती. जलावतरणाला तेव्हा चाळीस वर्षे झाली होती.

रणनौकेची शाळा होते तेव्हा

१८४० नंतर वाफेच्या इंजिनाने आणि पुढे लोखंडी चिलखताने शिडांच्या युद्धनौका कालबाह्य ठरवल्या. त्यांपैकी बहुसंख्य मोडीत निघाल्या. ज्यांना एखादे नवे काम मिळाले, त्याच उरल्या. कोणी कोठार झाल्या, कोणी कैद्यांची तरंगती तुरुंगे, तर कोणी शाळा. १८५५ पासून 'इम्प्लॅकेबल' डेव्हनपोर्ट येथे नौदलात भरती होऊ इच्छिणाऱ्या मुलांची प्रशिक्षण-नौका झाली. जिच्यावर पूर्वी तोफांचा कडकडाट होत असे, तिच्यावर आता दोरांच्या गाठी, होडी वल्हवणे आणि निशाणांची भाषा शिकवली जाऊ लागली. तिचे युद्धातील आयुष्य आणि शाळेतील आयुष्य यांची तुलना केली, तर दुसरे अधिक दीर्घ भरते.

१९०८ मध्ये ती मोडीत काढण्याचे घाटत होते. परंतु राजे सातवे एडवर्ड यांच्या हस्तक्षेपामुळे ते टळले. १९१२ मध्ये जेफ्री व्हीटली कॉब या धनिक गृहस्थाकडे ती सोपविण्यात आली. जुन्या युद्धनौका वाचवून त्यांवर मुलांना सागरी जीवनाचे शिक्षण द्यावे, हा त्यांचा ध्यास होता. १९३१ मध्ये त्यांच्या निधनानंतर चित्रकार हॅरल्ड वायली यांनी हे काम पुढे चालवले आणि १९३२ मध्ये नौका पोर्ट्समथ बंदरात आणली गेली.

शेजारची मुंबईची फ्रिगेट

पोर्ट्समथमध्ये 'इम्प्लॅकेबल'च्या सोबतीला कॉब यांचीच दुसरी प्रशिक्षण-नौका होती. तिचे तेव्हाचे नाव 'फूद्रॉयाँ'. परंतु मूळ नाव 'ट्रिंकोमाली'. ही फ्रिगेट मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागवानात बांधली गेली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी तिचे जलावतरण झाले. तिचा आराखडा 'लेडा' वर्गाचा होता, आणि तो वर्ग १७८२ मध्ये इंग्रजांनी पकडलेल्या 'एबे' या फ्रेंच फ्रिगेटवरून बेतलेला होता. 'एबे'चे रचनाकार होते झाक-नोएल साने. म्हणजेच रोशफोरच्या ओकमधली आणि मुंबईच्या सागातली अशा या दोन्ही नौकांची घडण मूलतः एकाच अभियंत्याच्या कल्पनेतून उतरली होती.

फरक होता तो लाकडाचा. ओक बळकट खरा. परंतु बंदरात पडून राहिलेल्या नौकेच्या सांध्यांत पावसाचे गोडे पाणी मुरले की त्यात बुरशी शिरते आणि लाकूड आतून कुजते. शिवाय ओकमधील आम्ल द्रव्यांमुळे लोखंडी खिळे गंजतात. सागातील नैसर्गिक तेल मात्र लाकडाचे कुजण्यापासून रक्षण करते आणि लोखंडालाही तितकेसे अपाय करीत नाही. म्हणूनच मुंबईच्या गोदीतील नौका दीर्घायुषी म्हणून नावाजल्या होत्या. शेजारी-शेजारी नांगरलेल्या या दोन नौकांच्या भवितव्यात जे अंतर पडले, त्यामागे हे एक महत्त्वाचे कारण होते.

जलसमाधी

दुसऱ्या महायुद्धात दोन्ही नौकांचा वापर नौदलाने करून घेतला. युद्ध संपले तेव्हा 'इम्प्लॅकेबल'ची अवस्था गंभीर होती. ट्रफाल्गरच्या रांगेतील साठ नौकांपैकी तेव्हा केवळ दोनच शिल्लक होत्या. एक नेल्सनची 'व्हिक्टरी', जी १९२२ पासून कोरड्या गोदीत सुरक्षित होती; दुसरी 'इम्प्लॅकेबल', जी अद्याप पाण्यावर होती. परंतु युद्धाने खंगलेल्या ब्रिटनमध्ये घरे, इंधन आणि अन्न यांचीच टंचाई होती. दुरुस्तीला लागणारे लाकूड व पैसा उभा करणे सरकारला परवडणारे वाटले नाही. १९४७ मध्ये फ्रान्सला ही नौका परत देऊ करण्यात आली. फ्रान्सची आर्थिक स्थितीही तशीच असल्याने त्या देशाने नकार दिला. ग्रिनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयाचे संचालक फ्रँक कार यांनी ती वाचवण्यासाठी केलेले प्रयत्नही निष्फळ ठरले.

२ डिसेंबर १९४९ रोजी 'इम्प्लॅकेबल' ओढून पोर्ट्समथबाहेर खुल्या समुद्रात नेण्यात आली. तिच्यावर त्या दिवशी ब्रिटिश आणि फ्रेंच अशी दोन्ही निशाणे फडकत होती. तळाशी बसवलेल्या स्फोटकांचा स्फोट करण्यात आला. परंतु नौका तत्काळ बुडाली नाही. जिला निकामी ठरवून निकालात काढले होते, तिचा वरचा सांगाडा स्फोटानंतरही काही तास तरंगत राहिला. तिच्या नाळेवरील कोरीव प्रतिमा आणि पिछाडीचे नक्षीकाम आधीच काढून घेतलेले असल्यामुळे ते ग्रिनिचच्या संग्रहालयात जतन झाले. नांगर ओढण्याची चरखी तिच्या जन्मस्थानी, रोशफोर येथे आहे.

या घटनेची प्रतिक्रिया मात्र दूरगामी ठरली. 'कटी सार्क' हे चहाच्या व्यापारातील प्रसिद्ध जलद जहाज मोडकळीस आले, तेव्हा तेच फ्रँक कार तिच्या रक्षणासाठी पुढे सरसावले आणि ते जहाज ग्रिनिच येथे कोरड्या गोदीत कायमचे स्थिरावले. १९७९ मध्ये ऐतिहासिक नौकांच्या रक्षणासाठी 'वर्ल्ड शिप ट्रस्ट' ही संस्था स्थापन झाली. 'इम्प्लॅकेबलसारखे पुन्हा कधीही नको' अशा आशयाचे तिचे ब्रीद होते. आणि मुंबईची 'ट्रिंकोमाली' १९८६ पर्यंत प्रशिक्षण-नौका म्हणून उपयोगात राहिली. पुढे हार्टलपूल येथे तिचा जीर्णोद्धार होऊन मूळ नावासह ती आजही पाण्यावर उभी आहे.

निष्कर्ष

'द्युगे-त्रुएँ'च्या चरित्रातून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, युद्धनौकेचे राष्ट्रीयत्व वाटते तितके निश्चित नसते. ही नौका फ्रान्सकडे साडेपाच वर्षे आणि ब्रिटनकडे १४४ वर्षे राहिली. त्यामुळे ती नेमकी कोणाचा वारसा, या प्रश्नाला एकेरी उत्तर नाही. अखेरच्या दिवशीची दोन निशाणे ही त्याचीच कबुली होती. परंतु वारसा दोघांचा असला की जबाबदारी कोणा एकाची उरत नाही, हेही तिच्याच बाबतीत दिसून आले. दुसरी, ती वाचली ती केवळ बळकटपणामुळे नव्हे. प्रत्येक टप्प्यावर तिला नवे काम मिळत गेले, म्हणून ती वाचली. काम संपताच दीडशे वर्षांची जीर्णता हाच तिच्याविरुद्धचा मुख्य पुरावा ठरला. तिसरी, जतनाचा निर्णय पुढे ढकलला की दुरुस्तीचा खर्च वाढत जातो आणि शेवटी तोच खर्च वस्तू नष्ट करण्याचे कारण म्हणून पुढे केला जातो. ओकचे लाकूड एका दिवसात कुजले नव्हते.

केप ऑर्तेगालच्या तोफांना जे साधले नाही, ते एका प्रशासकीय निर्णयाने साधले. 'इम्प्लॅकेबल' गमावल्यावर जे शहाणपण आले, त्याचा लाभ इतर नौकांना झाला. ऐतिहासिक वास्तू असो, हस्तलिखित असो वा नौका, तिच्या मोलाची जाणीव ती असतानाच व्हावी, हाच या नौकेच्या चरित्राचा अर्थ होय.